ताट वाढायला उशीर होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या बाळदम्यावर आलेला लेख वाचला. धूळ, धूर, गाद्या उन्हात घालणं, पंप वेळेवर देणं, सगळं नीट समजावलेलं होतं. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा एकच गोष्ट शोधत वाचला आणि ती सापडली नाही. मूल पोटात असताना आईच्या ताटात काय पडत होतं आणि त्या मुलाची छाती पुढे कशी निघाली, यांचा काही संबंध असतो, याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी रावेर तालुक्यातली. माध्यमिक शाळेत २९ वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. घरी केळीचा बाग आहे. थोरल्या मुलाची मुलगी, माझी नात, ९ वर्षांची आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे. हे पत्र तिच्याविषयी आहे, पण त्याहून जास्त माझ्याविषयी आहे.

ती संक्रांतीनंतर आठ दिवसांनी जन्मली. दिवस भरले नव्हते, चौतिसावा आठवडा चालू होता. वजन १ किलो ७५० ग्रॅम. १९ दिवस पेटीत होती. चार महिन्यांची असताना पहिल्यांदा छाती भरली. रात्री दोन वाजता सुनेने दिवा लावून मला हाक मारली. बाळाचं पोट उडत होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा, माझ्या करंगळीचं पेर बसेल एवढा. नाकपुड्या फुलायच्या, आणि छातीतून कोणी रवी फिरवावी तशी घरघर यायची. तशीच तिला घेऊन आम्ही जळगावला निघालो. नंतरच्या तीन हिवाळ्यांत त्या रस्त्यावर रात्री किती फेऱ्या झाल्या, याचा हिशेब सुनेकडे आहे, मी मोजलेल्या नाहीत.

आता माझ्या स्वयंपाकघराचं सांगते. सुनेला दिवस गेले तेव्हा आमच्या ओट्यावर रोज केळीच्या फण्या पडलेल्या असायच्या. गाडी भरून झाली की उरलेला माल घरी येतो, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचा, गुरांनाही घालायचा. आणि सुनेला एक केळं खाऊ दिलं नाही. माझ्या सासूबाई मला म्हणायच्या, "केयं थंड राहतं बाई, पोराले कफ व्हतो." मी ते ऐकलं होतं, माझ्या दोन्ही बाळंतपणांत पाळलं होतं, आणि तेच मी सुनेला ऐकवलं. दही थंड म्हणून बंद. शेवगा, तीळ, अंडं उष्ण म्हणून बंद. पालेभाजी बाधते म्हणून रात्री नाही. वरण-भात मिळे, पण पोटभर नाही. "पोट एकच असतं, तू जास्त जेवलीस तर बाळाला जागा कुठे उरणार? बाळ फार पोसलं की सिझर करावं लागतं," हे वाक्य माझंच. ती पहिलटकरीण, बी.कॉम. झालेली, पण सासूपुढे काय बोलणार? "बरं आई," म्हणायची आणि ताट सारायची.

बाळाला कफ होऊ नये म्हणून आम्ही तिला केळं दिलं नाही. त्या बाळाची छाती आज नऊ वर्षं भरते आहे.

नात पाच वर्षांची झाल्यावर एकदा डॉक्टरांनी तिची जुनी फाइल मागितली. मी ट्रंकेतून काढली. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख होती. का कोण जाणे, मी त्या वर्षाचं कॅलेंडरही काढलं आणि जेवणाच्या टेबलावर आठवडे मोजत बसले. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. कानबाईच्या रोटांचा स्वयंपाक झाला तेव्हा तिला दहावा आठवडा होता, दिवसभर चुलीपुढे होती, आणि उलट्यांमुळे पोटात काही टिकत नव्हतं. मधले श्रावणी सोमवार. हरितालिकेला चौदावा आठवडा. त्या दिवशी तिने पाण्याचा थेंब घेतला नाही आणि मी चार बायकांत तिचं कौतुक केलं. नवरात्र बसलं तेव्हा अठरावा. नऊ दिवस साबुदाणा आणि चहा.

हे आठवडे मोजताना मला शाळेतला फळा दिसत होता. श्वसनसंस्थेचा धडा आला की मी उलटं झाड काढायचे. खोड म्हणजे श्वासनळी, त्याला दोन फांद्या, प्रत्येकीला पुन्हा दोन, अशा जवळजवळ २३ वेळा फाटे फुटतात आणि शेवटी पानांसारखे वायुकोश येतात. मुलं वहीत तेच झाड काढायची, मी बरोबरची खूण करायचे. पण ते झाड लागतं कधी, वाढतं कशावर, हे मी २९ वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं.

ते असं आहे. गर्भ चार आठवड्यांचा असताना अन्ननलिकेच्या भागातून फुप्फुसाचा एक कोंब फुटतो. त्याला फाटे फुटत जातात. हवा आत नेणाऱ्या नळ्यांचं फाटे फुटणं साधारण सोळा-सतराव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे चौथा महिना संपतो त्या सुमाराला पूर्ण होतं. त्यानंतर त्या नळ्या लांब होतात, रुंद होतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. मग रक्तवाहिन्यांचं जाळं येतं. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास फुप्फुसाच्या पेशी सर्फॅक्टंट नावाचा एक निसरडा द्रव तयार करू लागतात. श्वास सोडल्यावर वायुकोशांच्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत, हे त्याचं काम. तो पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. आमची नात नेमकी त्या उंबरठ्यावर बाहेर आली. वायुकोश मात्र खरे वाढतात ते शेवटच्या महिन्यात आणि जन्मानंतर. जन्मताना ते दोन ते पाच कोटी असतात, मोठ्या माणसात तीस ते पन्नास कोटी. म्हणजे पानं नंतरही फुटतात, फांद्या नाहीत.

फांद्यांचा हा काळ म्हणजे आपल्याकडे बाई गरोदर आहे हे लपवून ठेवण्याचा काळ. तीन महिने कोणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. सांगायचं नाही म्हणजे अंगणवाडीत नाव नाही, तपासणी नाही, शेतातलं काम कमी नाही, उपास चालूच. मग सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी भरायची, आणि समोर असं ताट मांडायचं की फोटोत मावत नाही. आमच्याकडेही मांडलं होतं. पाच प्रकारचे भात होते. त्या दिवशी माझ्या नातीच्या श्वासनळ्यांचं फाटे फुटणं संपून जवळजवळ तीन महिने झाले होते. सातव्या महिन्यातलं खाणं वाया जातं असा अर्थ कोणी घेऊ नये. वजन खरं तेव्हाच भरतं, सर्फॅक्टंट तेव्हाच तयार होतो, ते खाणं हवंच. पण त्याच्या आधीचं राहून गेलेलं असतं.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हिचा दमा माझ्यामुळे का? त्यांनी मला खोटा धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. म्हणाले, एका मुलाकडे बोट दाखवून असं सांगता येत नाही. वेळेआधी जन्म हेच मोठं कारण, घराण्यातली ॲलर्जी असते, धूर असतो, विषाणू असतात. पण हजारो मुलं एकत्र पाहिली की आईच्या खाण्याचा ठसा दिसतो. मग त्यांनी मला नेपाळमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं. धाकट्या मुलाने तो शोधून छापून दिला आणि मी शब्दकोश घेऊन आठवडाभर वाचला.

नेपाळच्या तराईत सर्लाही नावाचा जिल्हा आहे. तिथे जीवनसत्त्व अ ची कमतरता फार होती, इतकी की गरोदर बायकांना रातांधळेपणा यायचा. १९९०च्या दशकात तिथल्या काही बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून, गरोदरपणात आणि नंतरही आठवड्याला एक छोटी गोळी जीवनसत्त्व अ ची दिली, काहींना बीटा कॅरोटीनची, म्हणजे शरीर ज्याचं जीवनसत्त्व अ करतं त्या द्रव्याची, काहींना नुसती दिखाऊ, औषध नसलेली. पुढे ती मुलं ९ ते १३ वर्षांची झाली तेव्हा तेराशेहून अधिक मुलांना यंत्राच्या नळीत जोराने फुंकर मारायला लावली. ज्यांच्या आयांना जीवनसत्त्व अ मिळालं होतं, ती मुलं पहिल्या सेकंदात सरासरी ४६ मिलीलीटर जास्त हवा बाहेर टाकत होती. २०१० साली हे प्रसिद्ध झालं.

४६ मिलीलीटर म्हणजे किती, ते मी खोकल्याच्या बाटलीच्या टोपणाने पाण्यात मोजून पाहिलं. साडेचार टोपणांहून थोडं जास्त. धडधाकट मुलाला त्याचं काही वाटणार नाही. पण माझी नात जिना चढून वरच्या खोलीत जाते, मधल्या पायरीवर थांबते, कठड्याला धरते, तेव्हा मला ती साडेचार टोपणं आठवतात. तिनेही जळगावला अशीच फुंकर मारली होती. गाल फुगवून, डोळे मिटून, तीनदा. आकडा तिच्या उंचीच्या मुलीला हवा त्याहून कमी आला.

इथे मला वाचणाऱ्या बायकांना हात जोडून सांगायचं आहे. हे वाचून दुकानातून जीवनसत्त्व अ च्या गोळ्या आणून सुनेला देऊ नका. ते गरजेपेक्षा जास्त झालं तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. दूध, तूप, अंडं यांतून ते आयतं मिळतं. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पालेभाजी, मेथी, गाजर, पपईचा पिकलेला गर यांत बीटा कॅरोटीन असतं, शरीर त्याचं थोडं थोडं जीवनसत्त्व अ करतं. नेपाळमध्ये नुसतं बीटा कॅरोटीन मिळालेल्या आयांच्या मुलांत ती वाढ दिसली नव्हती, हेही खरं. त्यामुळे भाजीवर भागवू नका, दूध आणि जमत असेल तर अंडंही द्या.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून घरोघर जाणाऱ्या नर्सबाया बाळांची वजनं वहीत लिहून ठेवायच्या. त्या वह्या डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती लागल्या. १९९१ साली त्यांनी दाखवून दिलं की जन्मताना वजन कमी असलेल्या पुरुषांची फुप्फुसं साठी गाठल्यावरही कमकुवत होती, ते विडी-सिगरेट ओढोत न ओढोत. साठ वर्षांपूर्वीचं वजन! माझ्या डोळ्यांसमोर आमच्या आरोग्यसेविकेची वही आली. त्यातलं १ किलो ७५० ग्रॅम माझ्या नातीला कुठवर पुरणार आहे? हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. तेव्हा सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत उपाशी राहिलेल्या आयांची मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात श्वासनळ्यांचे विकार जास्त आढळले.

आपल्या जवळचं सांगायचं तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी बायकांचा अभ्यास केला. २००१ साली त्यांनी मांडलं की बाळाच्या आकाराचा संबंध किती भाकरी खाल्ल्या यापेक्षा हिरव्या भाज्या, फळं आणि दूध किती वेळा मिळालं याच्याशी जास्त दिसतो. मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला खाऊ बायकांना देऊन पाहिला. ज्यांनी तो गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅम जास्त भरलं. ज्यांचं उशिरा सुरू झालं त्यांच्यात तसा फरक नव्हता. हा अभ्यास २०१४ साली आला. म्हणजे ताट वाढायची वेळ चौथ्या महिन्याच्याही आधी येते. हात पिवळे करताना आपण मुलगी बारीक आहे म्हणजे नाजूक आहे असं कौतुकाने म्हणतो, तिथपासून हा विषय सुरू होतो.

तंबाखूबद्दल थोडं. आमच्या बागेत कामाला येणाऱ्या बायकांत मशेरी लावणाऱ्या पुष्कळ आहेत. दात दुखतात म्हणून सुरू होते, मग दिवसातून चारदा बोट फिरतं, दिवस गेले तरी थांबत नाही. बिडी ओढत नाही ना, मग काय होतं, असं म्हणतात. निकोटीन रक्तातून थेट वारेपार जाऊन गर्भाच्या फुप्फुसांवर परिणाम करतं. मुंबईतल्या २००४च्या अभ्यासात मशेरी, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी होती आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. मुंबईतल्या त्या खाऊने मिळालेले ४८ ग्रॅम इथे दुपटीने जातात. चुलीच्या धुराचंही तेच. बिबडे आणि खापरावरचे मांडे करायला गरोदर सुनेला बसवू नये एवढं तरी आपण करू शकतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर अमृत आहार योजनेचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं, २०१५पासून. मी एका पाड्यावर जाऊन बसले आहे. भाकरी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. सेविका त्या बाईला समोर बसवून जेवू घालायची, डबा नेऊ द्यायची नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "मॅडम, डबा घरी गेला की अंडं नवऱ्याला आणि लाडू मोठ्या पोराला." पाड्यावरची ती कमी शिकलेली सेविका जे ओळखून होती, ते पदवीधर सासू असून मला कळलं नव्हतं. आमच्या बागायती गावांत अशी योजना नाही. गरज नाही असं धरलेलं असतं, कारण घरात धान्य आहे, दूध आहे, ओट्यावर केळी आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. एवढ्या साऱ्या काही पाड्यांवरच्या नाहीत. त्यातल्या कितीतरी दारात ट्रॅक्टर असलेल्या घरांतल्या आहेत.

आणि किती जास्त खायला हवं? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत गरोदर बाईला रोज ३५० किलोकॅलरी जास्त सांगितल्या आहेत. साधारण एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उडदाचं घोटलेलं वरण आणि एक केळं. एवढंच. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद दोन्ही आले, ती आपल्या घरात रोज होते. सरकारी दवाखान्यातली लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस घ्यायची असते. काळी शी होते म्हणून आम्ही ती खिडकीत ठेवून दिली होती. पाकिटं पोर मोठी झाल्यावर सापडली.

संपादक महोदय, आपला पेपर आमच्या गावात सकाळी सहाला येतो आणि घरातल्या सासवा तो दुपारी वाचतात. तिथी, उपास, सण कुठल्या दिवशी, हे त्यातच पाहतात. माझी मागणी एवढीच आहे की हरितालिका, नवरात्र, श्रावणी सोमवार यांची माहिती छापाल तेव्हा शेजारी दोन ओळी छापा की गरोदर बाईने उपास करू नये, आणि तीन महिने लपवून ठेवू नये, सहाव्या-आठव्या आठवड्यातच अंगणवाडीत आणि उपकेंद्रात नाव घालावं. डॉक्टरांचा लेख सून वाचते. सासू पंचांगाचा रकाना वाचते. ताट सासूच्या हातात असतं.

थोरल्या सुनेला मी दोन वर्षांपूर्वी हे सगळं बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मला तेव्हा खूप भूक लागायची." एवढंच बोलली. मी पुढे काही म्हणू शकले नाही.

आता धाकट्या सुनेला नववा आठवडा आहे. गावात अजून कोणाला ठाऊक नाही, पण अंगणवाडीत मी स्वतः जाऊन नाव घातलं. उलट्या फार आहेत. आज सकाळी केळं आणि अर्धी कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दिली, ती उलटून पडली. पाऊण तासाने पुन्हा थोडी दिली, तेवढी राहिली. थोरलीने तिच्यासाठी उशाशी डबा भरून ठेवला आहे, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि राजगिऱ्याचे लाडू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. रावेर, जि. जळगाव